पंपाचं मंगळ

परवा सकाळी सासूबाईंनी लोखंडी कपाटातल्या रेशमी साड्या गच्चीवरच्या दोरीवर वाऱ्याला टाकल्या आणि घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. खाली गल्लीत पावसाचं शेवटचं तळं आटत आलं होतं. त्याच्या काठाकाठाने शेजारणीने तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढून मधोमध भोपळ्याचं पिवळं फूल खोचलं होतं. म्हणजे मार्गळी आली. कॅलेंडर बघायची गरज नाही.

मार्गळी हा तमिळ महिना डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि त्यात सगळं चेन्नई गातं. जे गात नाहीत ते ऐकतात, आणि जे ऐकत नाहीत ते सभेच्या कँटीनमध्ये बसून ऐकणाऱ्यांची वाट बघतात. इथे संगीतसंस्थेला सभा म्हणतात आणि मैफलीला कच्चेरी. मी नाशिकची, त्यामुळे पहिल्या वर्षी नवऱ्याने "संध्याकाळी कच्चेरीला जायचंय" म्हटल्यावर मला वाटलं, घराच्या कागदपत्रांची काही भानगड आहे. थंडी म्हणाल तर नाशिकला ज्या हवेत लोक आइस्क्रीम खायला बाहेर पडतील त्या हवेत इथले आजोबा माकडटोपी घालून, वर मफलर गुंडाळून हॉलमध्ये येतात आणि एसी कमी करा म्हणून रखवालदाराशी भांडतात. मग गाणं सुरू होतं आणि त्याच आजोबांचा उजवा हात मांडीवर अचूक ताल धरतो. डावा हात अजून मफलरमध्येच असतो.

माझं सासर तंजावरच्या मराठ्यांचं. कधीकाळी राजांच्या मागोमाग दक्षिणेत आलेली घराणी ही. राजे गेले, भाषा राहिली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दारातच विचारलं, "तुज भूक लागली कां? कांहीं खातेस?" मला क्षणभर वाटलं, कीर्तन सुरू झालं आणि आता टाळ वाजणार. तिकडे सासूबाई माझं बोलणं बराच वेळ निरखून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी निकाल दिला, "हिची मराठी फार पळते. अय्यो, धरायला होईना." तेव्हापासून त्यांच्यापुढे मी सावकाश बोलते, आणि नाशिकला गेले की आई विचारते, तुला बरं नाही का.

मामंजींचं नाव त्र्यंबक. हे मला लग्नपत्रिकेवरून कळलं, कारण घरात ते कुणीच उच्चारत नसे. सासूबाई तर नाहीच नाही. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही ही रीत महाराष्ट्रात आता फक्त उखाण्यापुरती उरली आहे, पण राजांबरोबर जे जे सामान दक्षिणेत आलं ते सासूबाईंनी जसंच्या तसं जपून ठेवलेलं. आमच्या नाशिकजवळचं ज्योतिर्लिंगसुद्धा त्यांच्या तोंडी "तुझ्या गावाकडचें तें तीन डोळ्यांचें देऊळ" असतं. एकदा बसस्टँडवर त्यांनी कंडक्टरलाही तसंच सांगितलं आणि आम्ही भलत्याच गाडीत चढलो.

आता यात पंचाईत अशी, की मामंजी गाणी रचत. नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात ते आयुष्यभर अकाउंट्समध्ये होते. सकाळच्या बसमध्ये पल्लवी, म्हणजे गाण्याचं धृपद, सुचायची, संध्याकाळच्या बसमध्ये चरण पुरं व्हायचं. तेलुगूत, तमिळमध्ये आणि त्यांच्या त्या मराठीत ते रचत. ही मराठी गाणी चेन्नईत कुणाला कळत नव्हती आणि नाशकात कुणाला कळली नसती, म्हणून ती त्यांना सर्वांत प्रिय होती. कर्नाटक संगीतात रचनाकार आपल्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतो. त्याला मुद्रा म्हणतात. मामंजींची मुद्रा अर्थातच त्र्यंबक. देवाचंही नाव झालं आणि आपलंही. शिष्या गायला बसल्या की सासूबाई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडता निवडता प्रत्येक गाणं शब्दन् शब्द गुणगुणत, आणि मुद्रेची जागा आली की त्यांना हमखास खोकला यायचा. तो इतका तालात यायचा, की मी काही वर्षं त्याला गाण्याचाच भाग समजत होते.

माझ्या आठवणीतली मार्गळी सात-आठ वर्षांपूर्वीची. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. गल्लीत पोटरीभर पाणी, त्यात तरंगणाऱ्या चपला, आणि नवरा सिरुसेरीच्या कंपनीची बस पकडायला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट डोक्यावर धरून निघालेला. पण मामंजी खुशीत होते. त्यांची शिष्या जयंती, लहानपणापासून आमच्या ओसरीत शिकलेली, तिला त्या वर्षी आमच्या भागातल्या छोट्या सभेने पहिल्यांदा संध्याकाळची वेळ दिली होती. दुपारच्या कच्चेरीला चार नातेवाईक आणि जेवून पेंगणारे लोक येतात. संध्याकाळची म्हणजे खरी. आणि जयंतीने जाहीर करून टाकलं, की संपूर्ण कच्चेरी सरांच्या रचनांची करणार. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत.

मामंजी यावर "सेरि, बघूं" एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ते नवी वेष्टी, म्हणजे इकडचं पांढरं धोतर, घेऊन आले. दाढी करताना शीळ घालायला लागले. उभ्या आयुष्यात त्यांची दोन-तीन गाणी इकडेतिकडे, कुणाच्या तरी कच्चेरीत पापडासारखी बाजूला वाढली गेली होती. पूर्ण पान कधीच मांडलं गेलं नव्हतं. त्यांना त्याचं किती वाटत होतं हे त्यांनी कधीच सांगितलं नसतं. शिळेवरून कळायचं.

अशातच एके सकाळी सभेचे सेक्रेटरी सुंदरेशन पाण्यातून वाट काढत आले. कपाळावर भस्म, हातात छत्री, चेहऱ्यावर पुढाऱ्याकडून निरोप घेऊन आलेल्या माणसाचा घाम. कॉफीचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "मामा, स्मॉल प्रॉब्लेम." सुंदरेशन यांचा स्मॉल प्रॉब्लेम म्हणजे आपण खुर्ची धरून बसायचं.

प्रॉब्लेम असा होता. सभेचा हॉल सरकारी. तो कुणाला द्यायचा हे ठरायचं आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या मर्जीवर. सगळे त्याला तलैवर म्हणत, म्हणजे नेता. निवडणूक जवळ आली होती. आपल्या भागात एक गाणी रचणारे वयस्कर गृहस्थ राहतात असं तलैवरच्या कानावर गेलं होतं, आणि त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं, की मग माझ्यावर एक गाणं होऊन जाऊ दे की. त्याच कच्चेरीत. तो स्वतः ऐकायला येणार होता.

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"तर त्या दिवशी हॉलमध्ये पेंटिंगचं काम निघेल," सुंदरेशन छताकडे बघत म्हणाले.

मामंजींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "मनुष्याचें गाणें मी करीत नाहीं. तंजावरांत गुरूंस शब्द दिला आहे. देवाचें करीन, झाडाचें करीन, नदीचें करीन. मनुष्याचें नाहीं." एवढं बोलून ते आंघोळीला गेले. त्या दिवशी शीळ ऐकू आली नाही.

सासूबाई मात्र व्यवहारी. दुपारी पान वाढताना त्यांनी सुरुवात केली, "तुमचे वाडवडील काय करीत होते? दरबारांत बसून राजाची स्तुती गाऊनच जेवत होते कीं नाहीं? त्यांस लाज आली नाहीं. तुम्हांसच कसाला येते?"

"तो राजा होता."

"हाही तसाच आहे. राजाकडे हत्ती होता, याजकडे पांढरी गाडी आहे."

"राजास गाणें कळत होतें, गे."

"तुमचें गाणें तरी कोणास कळतें?" सासूबाई म्हणाल्या आणि मग स्वतःच वरमून त्यांनी मामंजींच्या भातावर जास्तीचं तूप वाढलं.

राजकीय दबाव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे धमकीचे फोन, रात्रीची दारावरची थाप असलं काहीतरी यायचं. आमच्याकडे दबाव आला तो पंपाच्या रूपाने. दोन दिवसांनी तलैवरची माणसं एक डिझेलचा मोटरपंप ढकलत घेऊन आली. हत्तीच्या सोंडेएवढा जाड पाईप त्यांनी आमच्या गेटापुढच्या पाण्यात सोडला आणि पंप सुरू केला. त्याच्या धडधडीने भिंतीवरचे देव हलायला लागले. दुपारपर्यंत आमच्या गेटापुढची जमीन दिसायला लागली. पाईपचं दुसरं टोक शेजारच्या भामिनीच्या गेटापुढे सोडलेलं होतं, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

भामिनी आमच्याशी बोलेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा आला. मग तिसऱ्या दिवशीही. जाणारा-येणारा विचारायचा, "तलैवर तुमचे नातेवाईक का?" पेपरवाला पेपर फेकायच्या ऐवजी हातात द्यायला लागला. सासूबाईंनी कोरड्या गेटात उभं राहून कोलम काढलं आणि मग सगळी गल्ली त्या कोलमकडे ज्या नजरेने बघते आहे ती बघून स्वतःच बादलीभर पाणी ओतून पुसून टाकलं. "हा उपकार जिरेना मज," त्या म्हणाल्या. मामंजी ओसरीत बसून पंपाकडे एकटक बघत असत. मांडीवर हात हलत असे. मला वाटलं, राग आला असेल. नंतर लक्षात आलं, की ते पंपाच्या धडधडीला ताल लावून बघत होते.

आठवड्याअखेरीस तलैवर स्वतः आला. माणूस खरं तर प्रेमळ होता. दारात चपला काढल्या, मामंजींच्या पायाला हात लावला, माझ्या मुलीचे गाल ओढले, सासूबाईंना "अम्मा, पाणी परत तुंबलं तर मला सांगा" म्हणाला. मग ओसरीत मांडी घालून बसला आणि गाण्याची त्याची एकच अट सांगितली. "अय्या, ते शेवटी पाहिजे. अगदी शेवटी."

मामंजींनी मान वर केली. "शेवटी?"

"आमच्या मीटिंगमध्ये लहानसहान लोक आधी बोलतात. जो सगळ्यांत मोठा तो शेवटी. माझं गाणं मधेच कुठेतरी आलं तर कार्यकर्त्यांना वाईट वाटेल."

"शेवटींच पाहिजें? नक्की?"

"शेवटी. त्याच्यानंतर काही नको."

मामंजींच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला हसू म्हणता येणार नाही. बसमध्ये पल्लवी सुचली की त्यांचा असा चेहरा व्हायचा असं सासूबाई सांगतात. "होईल," ते म्हणाले. "गाणें होईल." तलैवर खूश होऊन पाच मिनिटांत तीन वेळा वाकून निघून गेला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. नवऱ्याने चाळीस वर्षांचा शब्द मोडला म्हणून त्या रडतायत असं मला वाटलं. पदर काढला तर त्या हसत होत्या. "तुज कळलें नाहीं?" त्या मला म्हणाल्या. "शेवटीं काय असतें?"

शेवटी मंगळ असतं. हे जरा नीट सांगते, कारण मलाही ते चुकत चुकतच समजलं. आपल्याकडे मैफलीत भैरवी सुरू झाली की लोक मांडी बदलून जरा सावरून बसतात. आता खरं ऐकायचं, असा भाव असतो. इथे कच्चेरीतलं मुख्य गाणं मध्यावर होऊन जातं आणि अगदी शेवटी म्हणतात ते मंगळ. छोटंसं, सौराष्ट्र नावाच्या रागातलं, सगळ्यांचं कल्याण होवो अशा अर्थाचं. त्याचे पहिले स्वर निघाले रे निघाले, की अख्खा हॉल उभा राहतो. डोक्याला कळायच्या आधी पायांना कळतं. पिशव्यांच्या चेनी ओढल्या जातात, शाली झटकल्या जातात, ऑटो बोलावले जातात. काही जण हात जोडून उभे राहतात, पण जोडलेल्या हातांनीसुद्धा पाय चपला शोधत असतात. मंगळानंतर काही गायचं नसतं, त्यामुळे थांबायचंही काही कारण नसतं. पहिल्या वर्षी मी आपली बसूनच राहिले होते. शेजारच्या मामींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून दुःखद बातमी सांगावी तसं सांगितलं, "संपलं, कण्णा."

मामंजींनी तलैवरचं गाणं सौराष्ट्र रागात बांधलं. ताल तोच, चढणही अगदी मंगळाची. पहिले स्वर ऐकून ब्रह्मदेवाला फरक सांगता आला नसता.

आणि शब्द? शब्द तमिळमध्ये होते. दारी साचलेलं काळं पाणी प्राशन करणारा, लांब सोंडेचा, अखंड गर्जना करणारा, जिथे उभा राहील तिथे जमीन दाखवणारा, असा तू आमच्या गल्लीत ये. जयंतीने पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिने दोनदा मामंजींकडे पाहिलं. "सर, हे..."

"मी मनुष्याचें गाणें करीत नाहीं," मामंजी शांतपणे म्हणाले. "पंपाचें करणार नाहीं असा शब्द दिला नव्हता."

सुंदरेशन गाणं तपासायला आले. त्यांना सोंड आवडली. हत्ती म्हणजे बळ, म्हणजे तलैवर. काळं पाणी म्हणजे लोकांचं दुःख. ते भारावूनच गेले. फक्त एक शंका उरली, "मामा, यात तलैवरचं नाव कुठेच नाही."

मामंजी म्हणाले, "मोठ्या माणसाचें नांव घ्यायचें असतें कां? हिला विचारा. चाळीस वर्षांत हिनें माझें घेतलें नाहीं."

सासूबाईंनी गंभीरपणे मान हलवली. सुंदरेशनना ते एकदम पटलं, कारण इथे खरोखरच कुणी कार्यकर्ता आपल्या नेत्याचं नाव घेत नाही, नुसत्या पदव्या घेतो. "करेक्ट, करेक्ट," ते म्हणाले आणि शब्द मंजूर झाले.

एकच गोष्ट जयंतीच्या लक्षात आली. शेवटच्या ओळीत जिथे मुद्रा यायची, तिथे शब्दच नव्हता. "सर, इथे?"

"तेथें नुसता स्वर धर," मामंजी म्हणाले. "माझें नांव या गाण्यांत नको." पंपाचं असलं तरी ते गाणं मागितलं होतं दुसऱ्याने, हॉलच्या बदल्यात. ते हसत होते, पण ती जागा त्यांनी रिकामी ठेवली ती हसत ठेवली नव्हती. त्या वेळी सासूबाई खोकल्या नाहीत, खोकायला काही कारणच नव्हतं. त्या उठून आत गेल्या.

कच्चेरीची संध्याकाळ मला अजून वासासकट आठवते. मोगऱ्याचे गजरे, ओल्या छत्र्या, कँटीनमधून येणारा तुपातल्या अशोका हलव्याचा वास, आणि सगळ्यांत वर डांबरगोळ्या. हॉल भरला होता. जयंती अंजिरी साडीत बसली आणि मामंजींचं पहिलं मराठी गाणं तिने म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका माकडटोपीवाल्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "कुठली भाषा ही?" शेजारी म्हणाला, "काय माहीत, पण बरोबर वाटते." माझ्या शेजारी मामंजी नव्या वेष्टीत ताठ बसले होते. मुख्य गाणं झालं तेव्हा लोकांनी चुकचुक केली, इथे ती दाद असते, माना हलवल्या, मागून कुणी तरी "आहा" म्हटलं. मामंजींनी माझा हात धरला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं. पुढच्या गाण्यात मुद्रेच्या ओळीला पलीकडे सासूबाई तालात खोकल्या. आयुष्यभर वाट पाहिलेली ती संध्याकाळ अशी झाली. एवढंच हवं होतं त्यांना.

मग तलैवर आला. ताफा आला, जरीच्या शाली आल्या, माइक आला. भाषण सुरू होताच सगळा हॉल शिस्तीत कँटीनकडे गेला, कारण भाषण म्हणजे कॉफीची वेळ हे इथे लहान मुलालाही माहीत असतं. शेवटी एक खास गाणं होणार आहे, ही सुंदरेशन यांची घोषणा मी, सासूबाई, मृदंगवाला आणि तलैवरची माणसं एवढ्यांनीच ऐकली. लोक ओठ पुसत परत येऊन बसले. जयंतीने दोन हलकी गाणी म्हटली, मामंजींकडे पाहिलं आणि सौराष्ट्रातला पहिला स्वर लावला.

अख्खा हॉल उठला.

मामंजींचा हिशेब इथपर्यंतचा होता. लोक उठतील, निघतील, त्या गडबडीत गाणं कुणाच्या कानात शिरणार नाही, तलैवर जरा हिरमुसेल आणि पुन्हा कधी गाणं मागणार नाही. पण तलैवर बसला होता पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर. मागे कसला आवाज झाला म्हणून त्याने वळून पाहिलं, तर त्याच्या गाण्याच्या पहिल्या ओळीला शेकडो लोक उभे. काहींचे हात जोडलेले. त्याने आयुष्यात ट्रकने आणलेली गर्दी खूप पाहिली होती, आपण होऊन उठलेली गर्दी पाहिली नव्हती. तो उभा राहिला, लोकांकडे वळला आणि त्यानेही हात जोडले. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस, मंगळाला उभा राहिला. त्यांनी आणखी हात जोडले. त्याच्या माणसांनी मोबाइल वर धरून सगळं टिपलं. मंचावर जयंती पंपाची सोंड आळवत होती आणि चपलांच्या आवाजात ती फक्त तिलाच ऐकू येत होती.

गाणं संपल्यावर तलैवरने मामंजींना मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "अय्या, हे दर वर्षी झालं पाहिजे. हॉल कायमचा तुमचा." मामंजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. भामिनीच्या गेटापुढे पाणी सोडल्याचं कळलं तेव्हा असा झाला होता.

तेव्हापासून ते गाणं दर मार्गळीत होतं. तलैवरने मधल्या काळात दोनदा पक्ष बदलला, गाणं बदललं नाही. त्याचे व्हिडिओ फिरले, इतर गायकांनी चाल उचलली. गेल्या वर्षी एका मोठ्या सभेत एका तरुण मुलाने मंगळ म्हणून तेच म्हटलं आणि आधी सांगितलं, की ही पारंपरिक रचना आहे. मामंजी जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची मुद्रा असलेली गाणी जयंती अजून एकटीच गाते. त्यांचं जे एक गाणं सगळीकडे पोचलं त्यात त्यांचं नाव नाही, आणि ते एका पंपाचं आहे. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला हसू येत होतं आणि रडूही. सासूबाई भाजी निवडत राहिल्या. "पारंपरिक म्हंजे काय?" त्या म्हणाल्या. "ज्याचें नांव कोणी विचारलें नाहीं तो."

काल संध्याकाळी आम्ही दोघी जयंतीच्या कच्चेरीला गेलो. तोच हॉल, तेच आजोबा, टोपी तेवढी नवी. तलैवर आता थकलाय, काठी घेऊन येतो, पण सोफा तोच. शेवटी सौराष्ट्राचा स्वर लागला आणि हॉल उठला. मीही उठले. इतक्या वर्षांत माझेही पाय इथले झाले आहेत. तर सासूबाईंनी माझा पदर खाली ओढला.

"बस."

"आई, सगळे उठलेत."

"म्हणूनच बस. एवढें केलें त्यांनीं, कोणी तरी ऐकायला पाहिजें कीं नाहीं?"

आम्ही बसलो. चहूकडे गुडघे, पिशव्या, शालींचे काठ. लोक आमच्या पावलांवरून वाट काढत होते. एका मामींनी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून "संपलं, अम्मा" म्हटलं, त्यांनी तो हात हळूच बाजूला केला. आणि मी ते गाणं पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. काळं पाणी पिणारा, लांब सोंडेचा, गर्जणारा. किती सुरेख बांधलं होतं ते! पंपाची धडधड त्यांनी तालात कुठे कुठे लपवून ठेवली होती ते आता ऐकू आलं आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसायला लागलो. पुढे तलैवर हात जोडून उभा होता.

मग शेवटची ओळ आली. जयंतीने मुद्रेच्या जागी नुसता स्वर धरला. सासूबाईंनी घसा साफ केला. मला वाटलं, सवयीने खोकणार. पण त्या जरा पुढे वाकल्या आणि त्या रिकाम्या जागेत, सुरात, हळू आवाजात त्यांनी म्हटलं, "त्र्यंबक."

गाणं पुढे निघून गेलं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तालांत होतें कां?"

"होतं," मी म्हटलं.

नव्हतं. अर्ध्या मात्रेचा उशीर झाला होता. मग आम्ही दोघी उठलो आणि चपला शोधायला लागलो.